ठोंब्याचा उजवा डोळा

३ मार्च, रविवार

निवृत्त होऊन आज पाच आठवडे झाले. ही डायरी बायकोनं आणून दिली. म्हणाली, "अहो, माझ्या आंघोळीला किती मिनिटं लागली ते मला सांगू नका. यात लिहा आणि मिटून ठेवा." (अकरा मिनिटं.)

चौतीस वर्षं बस स्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कितीला फलाटाला लागली, कितीला सुटली, उशीर का झाला, सगळं लिहायचं आणि खाली सही करायची. हाताला ती सवय राहिली आहे, गाड्या मात्र राहिल्या नाहीत. आमचं घर वळणावर आहे, खालून सगळ्या गाड्या जातात, पण त्यांची नोंद आता दुसराच कुणी करतो. बायको ग्रंथालयात नोकरीला आहे, ती सकाळी दहाला जाते आणि सहाला येते. मधले आठ तास मी घरातल्या वस्तूंना शिस्त लावतो.

आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. ४:४० ची गाडी ४:५२ ला आली आणि तिच्यातून ताई उतरली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यापासून चार वर्षं एकटीच असते, तीन तासांवरच्या गावात. वर्षातून एकदा येते, चार दिवस राहते, पाचव्या दिवशी सकाळी तिची पिशवी दाराशी असते. या खेपेला सोबत तिचा कुत्राही होता, एरवी त्याला शेजारी ठेवून येते. बुटका, तपकिरी, कान जमिनीला टेकतील असे. नाव ठोंब्या. नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलंय, कारण गाडीतून उतरल्यावर तो पहिल्यांदा खांबाला धडकला.

मग जवळून पाहिलं. उजवा डोळा लाल, पापण्या चिकटलेल्या, कोपऱ्यात पिवळा चिकटा. मी म्हणालो, "ताई, हे काय?" ती म्हणाली, "औषध चालू आहे." आणि चप्पल काढायला लागली.

४ मार्च, सोमवार

ठोंब्याला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी ठोंब्याच्या पापणीत अडकवली आणि एक मिनिट थांबल्या. (मी मोजलं, बरोबर साठ सेकंद. बाईंबद्दल आदर वाटला.) पट्टी जवळपास कोरडीच निघाली. मग डोळ्यात हिरवा रंग घातला, निळा दिवा धरला आणि मला म्हणाल्या, "बघा."

बुबुळावर मुगाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका चमकत होता. तिथं जखम आहे. या डोळ्यात पाणीच पुरेसं तयार होत नाही, त्यामुळे तो कोरडा पडला, चिघळला, जखम झाली. दिवसातून चार वेळा जंतूंवरचे थेंब, आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटांनी ओलाव्याचं जेल. जखम भरली तर ठीक, खोल गेली तर डोळा काढावा लागेल.

"आधी काही औषध चालू होतं का?" त्यांनी विचारलं. ताईनं पिशवीतून बाटली काढली. तिच्या गावातल्या डॉक्टरनं महिन्यापूर्वी दिलेली. मी हातात घेतली तर बाटली काठोकाठ भरलेली आणि झाकणाचं सील शाबूत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दवाखान्यातच बोललो. "महिनाभर औषध घरात आणि कुत्रा आंधळा होतोय. ताई, एवढी कशी गं निष्काळजी तू? मुकं जनावर आहे." ताई भिंतीवरचा मांजरांचा तक्ता वाचत होती.

घरी येताना मी जाहीर केलं की औषधाचं सगळं आजपासून माझ्याकडे. चौतीस वर्षं दिवसाला दोनशे गाड्या सोडल्या, हे तर चार थेंब.

५ मार्च, मंगळवार

वेळापत्रक फ्रिजवर लावलं. ७:००, १२:००, ५:००, ९:००. प्रत्येकापुढे जेलची जोडफेरी, दहा मिनिटांनी. रकाने आखले, शेवटी शेरा आणि सही. ही म्हणाली, "छान झालंय." ताईनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "ठोंब्याला वाचून दाखव."

आजची नोंद. ७:०० ची फेरी: थेंब नाकावर. १२:०० ची: थेंब माझ्या अंगठ्यावर. ५:०० ची: प्रवासी कोचाखाली गेल्यानं रद्द. ९:०० ची: ही पाय धरून, मी तोंड धरून, थेंब बहुधा डोळ्यात. जेल हिच्या बाहीवर.

ताई या सगळ्यात हातभार लावत नाही. खुर्चीत बसून सूचना देते. हिला म्हणते, "बरणीचं झाकण तेवढं काढून दे गं," आणि चहा दोन्ही हातांनी कप धरून पिते, एखाद्या महाराणीसारखी. लहानपणापासून तिला दुसऱ्याकडून कामं करून घ्यायची हौस आहे.

६ मार्च, बुधवार

७:०० ला प्रवासी बेपत्ता. ७:२० ला न्हाणीघरात बादलीमागे सापडला. १२:०० ला पुन्हा बेपत्ता. हा कुत्रा दिसतो तितका ठोंब्या नाही.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी तपासणी. हिरवा ठिपका तसाच, उलट जरा मोठा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "थेंब आत जातायत ना?"

मी नोंदवही दाखवली. खोटं लिहिलेलं नाही. चौदा प्रयत्न, तीन नक्की, दोन संशयास्पद, बाकी रद्द किंवा भलत्याच ठिकाणी. बाईंनी वही वाचली, हसू दाबलं, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "काका, आणखी आठवडाभर असंच चाललं तर हा डोळा आपल्या हातात राहणार नाही." मग त्यांनी करून दाखवलं. समोरून जायचं नाही. जमिनीवर बसायचं, कुत्र्याची पाठ आपल्याकडे करून त्याला दोन गुडघ्यांत घ्यायचं. एका हातानं हनुवटी वर. बाटली डोक्याच्या मागून आणायची, म्हणजे त्याला ती दिसतच नाही. टोक डोळ्याला लावायचं नाही. थेंब टाकायचा, लगेच बिस्किटाचा तुकडा द्यायचा.

त्यांनी केलं तेव्हा दोन सेकंद लागले. ठोंब्यानं शेपूटही हलवलं. पण पाठीमागून जायचं तर आधी कुत्रा सापडायला हवा ना. दुपारी १२:०० ला तो नव्हताच.

संध्याकाळी ही लवकर घरी आली होती. पाचच्या फेरीला तिनं सगळं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही काय करता ते तुम्हाला कळतं का?"

"काय करतो?"

"पाचला पाच कमी असताना तुम्ही घसा साफ करता. मग मोठ्यानं म्हणता, पाच वाजताची फेरी सुटण्याच्या तयारीत आहे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. मग शिट्टी वाजवता. मग बाटली घेता. त्याला पाच मिनिटं मिळतात. मला मिळाली असती तर मी जिन्यापर्यंत गेले असते."

मी म्हणालो, असं मी काही म्हणत नाही. ताई खुर्चीतून म्हणाली, "म्हणतोस. शिट्टी वरच्या खिशात आहे."

खिसा चाचपला. होती. निरोप समारंभाला मिळालेली, दोरीसकट. ती कधी वाजवतो ते खरंच लक्षात नव्हतं. म्हणजे घोडं इथं पेंड खात होतं. चौतीस वर्षांत एकाही प्रवाशाची गाडी चुकू नये म्हणून जे करत आलो, तेच करून या प्रवाशाला रोज पळवून लावत होतो.

ताई हसली. हसताना ती अजून तोंडावर पदर धरते, मनगटानं. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

९ मार्च, शनिवार

शिट्टी कपाटात. घसा साफ करणं बंद. पण ही म्हणते तेवढं पुरत नाही, कारण ठोंब्याला घड्याळही कळायला लागलंय. सातला पाच कमी असताना तो उठून निघतोच. उपाय एकच, वेळापत्रक मोडायचं. दिवसातून चार वेळा, पण कधी ते कुणालाच ठाऊक नको. मलासुद्धा.

हे लिहायला सोपं आहे. सकाळी सात वाजून गेले आणि मी हातावर हात ठेवून बसून राहिलो. सात-दहा. सात-पंधरा. ताई म्हणाली, "बाळ्या, पेपर वाच." (घरी मला बाळ्या म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे.) पेपर उलटा धरला होता की काय देव जाणे. सात-छत्तीसला ठोंब्या स्वतःच येऊन पायाशी लोळला. मी हळूच खाली बसलो, गुडघ्यांत घेतलं, हनुवटी वर, मागून थेंब. आत गेला. अगदी मधोमध. बिस्किट दिलं. त्यानं ते खाल्लं आणि माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आणखी आहे का अशा अर्थानं.

दुसरी फेरी ११:४३, तिसरी ४:२१, चौथी ९:०५. चारही यशस्वी. आखलेल्या रकान्यांचा बट्ट्याबोळ झालाय, पण शेवटच्या रकान्यात चार सह्या आहेत.

११ मार्च, सोमवार

आठ दिवस झाले. ताई चार दिवसांची पाहुणी, तिच्या हिशेबानं चार दिवस जादा. जेवताना तिनं विषय काढला. "डोळा बरा झाला तर घेऊन जाईन. नाही झाला तर आमच्या गल्लीत बागवाल्या बाई आहेत, त्या घ्यायला तयार आहेत. त्यांच्या घरात माणसं आहेत."

मी म्हणालो, "कुत्रं म्हणजे काय जुना कोच आहे, दिला शेजारी?"

"माझ्याच्यानं होणार नाही, बाळ्या."

"दोन थेंबांचं काय होत नाही? मी शिकलो तर तूही शिकशील. जरा मनावर घे."

ताई उठून ताट ठेवायला गेली. हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी काही तरी सांडलं असावं. खाली पाहिलं तर काही सांडलेलं नव्हतं.

मला कळत नाही. ठोंब्या रात्री ताईच्या पलंगाखाली झोपतो, ती उठली की उठतो, ती न्हाणीघरात गेली की दाराशी बसतो. भावोजी जाण्याच्या वर्षभर आधी आलेलं पिल्लू. इतकं लळ्याचं जनावर कुणाला देऊन टाकायची भाषा करायची म्हणजे काळीज दगडाचं लागतं. ताई तशी नव्हती पूर्वी.

ही कपाट आवरत बसली आहे. मधला कप्पा रिकामा केला. कशाला, कुणास ठाऊक.

१३ मार्च, बुधवार

आज तोंडचं पाणी पळालं. सकाळी पाहतो तर ठोंब्याच्या बुबुळावर लाल रेघा. काठापासून ठिपक्याकडे सरकलेल्या, केसासारख्या बारीक. डोळा फुटला असंच वाटलं. त्याला उचलून तसाच निघालो. अर्ध्या रस्त्यात कळलं की एका पायात माझी चप्पल आहे, दुसऱ्यात ताईची. दवाखाना उघडायला पंचवीस मिनिटं होती. पायरीवर बसलो. ठोंब्या मांडीवर, चौदा किलो, आणि मी त्याला सांगत होतो की घाबरू नकोस. तो घाबरलेला नव्हता, झोपला होता.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून पाहिलं. म्हणाल्या, "काका, या रक्तवाहिन्या आहेत. शरीर जखम भरायला माणसं पाठवतंय. चांगली खूण आहे ही." हिरवा ठिपका निम्म्यानं कमी झाला होता.

बाहेर येऊन मी भिंतीकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिलो. डोळ्यात पाणी आलं होतं, ते लिहायला लाज कसली. सहा आठवडे घरात बसून मला वाटत होतं की आता आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. या बेट्याचं अडलं होतं.

घरी आलो तर ताई दारात उभी, एका पायात माझी चप्पल. ती माझ्यामागे निघाली होती आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परतली होती. मी "चांगलं आहे, भरतंय" म्हणालो. तिनं ठोंब्याच्या डोक्यावर दोन्ही पंजे ठेवले, बोटं न मिटता, आणि बराच वेळ तशीच राहिली.

१५ मार्च, शुक्रवार

हे नीट लिहायचं आहे.

डेपोतून फोन आला होता. नव्या नियंत्रकाला माझ्या जुन्या नोंदवह्यांतलं अक्षर लागत नाही, तासभर या. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. निघताना ताईला म्हणालो, "दुपारचा थेंब तेवढा टाक. सोपं आहे, पाहिलंयस ना रोज." ती हो म्हणाली. बाटली मी टेबलावर ठेवली, झाकण घट्ट लावून. सैल झाकण मला खपत नाही.

तासाचे अडीच झाले. दीड वाजता परत आलो. दार लोटलेलंच होतं.

ताई जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. ठोंब्या तिच्या गुडघ्यांत, पाठ तिच्याकडे, अगदी शिकवल्याप्रमाणे. हलत नव्हता. तिच्या हातात बाटली होती, झाकण लावलेलीच, आणि झाकणावर दातांचे व्रण. बाजूला फडकं, चिमटा, सांडशी. तिचे अंगठे मुळाशी सुजून लाल झाले होते.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"बारापासून."

"दीड वाजलाय, ताई."

"मला कळतं घड्याळ. तुला मीच शिकवलंय."

मी खाली बसलो. तिनं हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "अंगठे ऐकत नाहीत. दोन वर्षं झाली. झाकण उघडलं तर बाटली दाबता येत नाही. ती आधीची बाटली आठ दिवस रोज घेऊन बसायचे. मग त्याच्याकडे बघवेना म्हणून कपाटात ठेवली."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

गावात ती एकटी. फोनवर मी विचारतो, कशी आहेस. ती म्हणते, बरी. मी म्हणतो, ठेवू मग. दर रविवारी, दीड मिनिट.

बरण्यांची झाकणं, दोन्ही हातांनी धरलेला कप, मनगटानं धरलेला पदर. सगळं डोळ्यांसमोर होतं, वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. चौतीस वर्षं माणसांच्या गर्दीतून नेमकी खिसेकापूची चाल ओळखणारा मी, आणि बहिणीचे हात दिसले नाहीत. वर परक्या बाईंसमोर तिला निष्काळजी म्हणालो.

मी झाकण उघडलं. ती हनुवटी धरायला पुढे झाली, तळहातानं. थेंब आत गेला. ठोंब्यानं बिस्किटाची वाट पाहिली. दीड तास गुडघ्यांत बसून राहिला होता बिचारा, तिला जमावं म्हणून असंच मला वाटलं.

"त्या दिवशी दवाखान्यात बोललो ते चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच," ताई म्हणाली. मग बाटलीकडे बघून, "आणि झाकण एवढं घट्ट कोण लावतं रे?"

१६ मार्च, शनिवार

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. पहिल्या दिवशीच कळलं." मग मला का नाही सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली की ताईंनी शपथ घातली होती. हे घर म्हणजे माझा डेपो आहे आणि डेपोत काय चाललंय ते नियंत्रकाला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं.

गरम पाण्याची पिशवी आणली. ताई संध्याकाळी तीवर हात ठेवून बसते. ठोंब्याही तीवरच हनुवटी ठेवतो.

१८ मार्च, सोमवार

पंधरा दिवसांची तपासणी. हिरवा रंग घातला, निळा दिवा धरला. ठिपका नाही. जखम भरली. बुबुळावर धुरकट डाग राहील, त्यातून त्याला थोडं अंधुक दिसेल, पण डोळा वाचला. बाईंनी माझ्याशी हात मिळवला. मी ताईकडे पाहिलं, ती दोन्ही मुठी छातीशी घेऊन उभी होती.

"आता औषध बंद?" मी विचारलं.

"थेंब बंद," बाई म्हणाल्या. "पण डोळा कोरडा पडतो ते मूळ दुखणं जाणार नाही. त्याला मलम लावायचं. सकाळ-संध्याकाळ. आयुष्यभर."

मी "अरेरे" म्हणालो. तोंडानं म्हणालो. मनात मात्र रोजच्या दोन फेऱ्या कायम झाल्याचा आनंद मावत नव्हता. लगेच ताईचा चेहरा पाहिला आणि त्या आनंदाची शरम वाटली. मलमाची नळी थेंबांच्या बाटलीहून बारीक आहे. ती दाबायला अंगठा लागतो.

घरी आल्यावर ताई जिन्यात थांबून म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे त्याला. तुझा हात बसलाय. बागवाल्या बाईंपेक्षा तू बरा." मग हसून, "थोडा."

१९ मार्च, मंगळवार

ताई उद्या निघणार. ९:१० ची गाडी. आज तिनं ठोंब्याचा कंगवा, वाटी, थंडीतला कोट, सगळं धुऊन माझ्या खणात लावून ठेवलं. कान कसे पुसायचे ते दोनदा सांगितलं. त्याला फटाफट आवाज आवडत नाही, पावाची कड आवडते, वाद घातला तर तो स्वयंपाकघरात जाऊन बसतो.

मला कुत्रा मिळाला, काम मिळालं, डोळा वाचला. खूश असायला हवं. दिवसभर घरात फिरतोय आणि एकाही खोलीत बसवत नाही. ठोंब्या तिच्या पिशवीला टेकून झोपलाय.

हिला म्हणालो, "ती एकटी काय करेल तिकडे?"

"मग राहा म्हणा."

"ती राहणार नाही. ती कधीच चार दिवसांवर राहत नाही."

"तुम्ही कधी म्हणालात?"

आठवून पाहिलं. तिची गाडी कितीला आहे, ते दर खेपेला मीच सांगितलंय. फलाट क्रमांकासकट. राहा असं एकदाही नाही. रात्रीच्या जेवणाला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मीठ मागितलं. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला थोरल्या बहिणीशी एवढं एक वाक्य बोलता येऊ नये, म्हणजे हद्द झाली.

२० मार्च, बुधवार

८:३० ला ताईची पिशवी दाराशी. ८:५५ ला तिनं ठोंब्याला जवळ घेतलं. "मलम नीट लावून घे. बाळ्याला छळू नकोस, त्याचं वय झालंय." उठताना भिंतीचा आधार घेतला, मनगटानं.

मी रात्रभर एक वाक्य घोकून ठेवलं होतं. ते गेलं कुठल्या कुठे, आणि मी डेपोतल्या आवाजात म्हणालो, "नऊ-दहा रद्द आहे."

"कुणी सांगितलं?"

"डेपोतून फोन होता."

"मग पुढची?"

"साडेअकरा? तीही रद्द."

"उद्याची?"

"ताई, तो मार्गच बंद झालाय."

स्वयंपाकघरात हिच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ताई खिडकीशी गेली, मीही गेलो. दहा-बारा मिनिटं आम्ही दोघं रस्त्याकडे बघत होतो. ९:१२ ला नऊ-दहाची गाडी वळणावर आली. चालक माझा जुना ओळखीचा, त्यानं सवयीनं वर बघून दोनदा हॉर्न दिला.

"पाटीवर आमच्या गावाचं नाव आहे," ताई म्हणाली.

"पाटी बदलायची राहिली असेल."

"आणि आत माणसं बसलीत ती?"

"त्यांना अजून कळलं नसेल."

गाडी दिसेनाशी झाली. ताई बाहेरच बघत होती. मला वाटलं आता रागावेल. तिच्या तोंडावरची एक शीर हलत होती, आणि ती हसते आहे की रडते आहे ते मला बाजूनं कळेना.

"कायमचा बंद का रे?" तिनं विचारलं.

"कायमचा."

"मग काय इलाज," ती म्हणाली. "शेजारणीला फोन लावून दे. किल्ली तिच्याकडेच आहे. झाडांना पाणी घालत जा म्हणावं."

मी फोन लावून तिच्या कानाशी धरला. तेवढ्यात हिनं पिशवी उचलून आत नेली.

फ्रिजवरचा कागद काढला, नवा लावला. सकाळ आणि संध्याकाळ, दोनच रकाने. हनुवटी: ताई. नळी: मी. वेळा लिहिल्या नाहीत. मग ही डायरी घेतली आणि आजच्या पानावर लिहिलं: ९:१० ची फेरी रद्द, कारण मार्ग कायमचा बंद. चौतीस वर्षं आणि सात आठवड्यांतली माझी ही पहिली खोटी नोंद. खाली पूर्ण सही केली आहे. आता थांबतो, ताई ठोंब्याला गुडघ्यांत घेऊन बसली आहे आणि मला दोनदा हाक मारून झाली आहे.